दोन्ही मोजे डावे

बडोद्यात लोकरीचे मोजे लागतील अशी थंडी पडते ती उत्तरायणाच्या आगेमागे, आणि तीही पतंगांसाठी पहाटे गच्चीवर चढणाऱ्यांपुरती. बाकी वर्षभर लोकरीचं नाव काढलं तरी घाम फुटतो. अशा गावात, छाणी रोडवरच्या आमच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या जोडघरात, बारा महिने तेरा त्रिकाळ मोजे विणले जायचे. विणायची नलूआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि शिकवायला मुली उरल्या नाहीत म्हणून तिने आमच्याकडे मोर्चा वळवला होता, पण आम्ही कोणी तिच्या हाती लागलो नव्हतो. मे महिन्यातल्या दुपारी ती पंखा बंद करून विणायला बसायची. पंख्याने लोकरीचे तंतू उडतात आणि टाक्यात अडकतात, असं तिचं म्हणणं. आम्ही घामाने निथळत आमरस ओरपायचो आणि ती वेताच्या खुर्चीत बसून अमेरिकेतल्या बर्फाची काळजी करायची. शेजारच्या जशुबेन कढीपत्ता मागायला यायच्या आणि दारातच थबकायच्या. "अरे नलूबेन, आटली गरमीमां मोजां? कोने माटे?" आत्या मान वर न करता सांगायची, "पग माटे, जशुबेन." कोणासाठी म्हणून विचारलं, तर पायांसाठी.

तिच्या सुया सायकलच्या आऱ्यांच्या होत्या. मोजा गोल विणायचा तर सुईला दोन्हीकडे टोक लागतं आणि तशा बारीक सुया बाजारात मिळत नसत, म्हणून बाबांच्या ओळखीच्या प्रतापनगरच्या एका कारागिराने आऱ्या कापून, कानशीने घासून, टोकं काढून दिल्या होत्या. विणताना त्यांचा टिकटिक आवाज व्हायचा. त्या आवाजावर मी अभ्यास केला, आजारपणं काढली आणि कॉलेजातल्या एका मुलासाठी रडलेसुद्धा. आवाज थांबला की आम्ही सगळे वळून तिच्याकडे बघायचो, कारण तो थांबला म्हणजे एक तर टाका सुटला असायचा किंवा कोणीतरी काहीतरी भलतं बोललेलं असायचं.

माणसं पाहून ती मोज्याचा प्रकार ठरवायची. घोट्याच्या वरची ताणली जाणारी पट्टी, दोन सुलट दोन उलट, सगळ्यांना सारखी. पुढे मात्र भेदाभेद होता. घरात ज्याचं कोणी ऐकत नाही अशा पुरुषाला ती पोटरीवर वेणी घालायची, निदान मोज्यात तरी पीळ दिसावा म्हणून. चैनी माणसाला दोन रंगांची नक्षी. नव्या नवरीला जाळी, मग बर्फात तिचे पाय गारठले तरी चालतील. चिकट नातेवाइकांना साधं सुलट विणकाम. मोजा कधी ती वरून खाली विणायची, कधी बोटांकडून वर चढायची. लोकर पुरेल की नाही अशी शंका आली की बोटांकडून, म्हणजे मध्येच संपली तर मोजा आखूड होतो पण पाऊल उघडं पडत नाही. सगळ्यांत मान टाचेला. नळीसारखं गोल येणारं विणकाम थांबवायचं, निम्म्याच टाक्यांवर मागे-पुढे करत राहायचं, कडेचे टाके एकेक करून मिटवायचे, आणि मग एका क्षणी ते कापड आपणहून वळतं आणि त्यात टाच मावेल असा खळगा पडतो. ज्या मुलीला टाच वळवता येत नाही तिला आत्या माणसात धरायची नाही. त्या हिशोबाने आमच्या घरात माणूस ती एकटीच होती.

आणि तिचं ते जगावेगळं माप. ज्याचे मोजे विणायचे त्याला ती जुन्या गुजराती पेपरवर अनवाणी उभं करायची आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायची, दोन्ही पावलांभोवती वेगवेगळी. अंगठ्याच्या बाजूने मोजा सरळ हवा आणि करंगळीच्या बाजूने उतरता, म्हणून डावा मोजा वेगळा आणि उजवा वेगळा, हा तिचा धर्म. तेव्हा नुकती सगळीकडे नवी दुकानं उघडत होती, केबल आली होती, आणि मोजे पाकिटात तीन-तीन जोड्यांनी मिळायला लागले होते. बाबांनी एकदा असं पाकीट आणलं. आत्याने त्यातला एक मोजा हातात घालून सगळीकडून पाहिला आणि म्हणाली, "ह्याला डावं-उजवं नाही. मोजा नाहीये हा, पिशवी आहे. हिच्यात बटाटे ठेवा."

त्या काळात बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरातून कोणी ना कोणी अमेरिकेला, नाहीतर कॅनडाला निघालेलं असायचं. आमच्या पणजोबांनी संस्थानच्या खासगी खात्यात म्हणे मोठी नोकरी केली होती, आणि तेव्हापासून आमचं कुळ कुठल्या ना कुठल्या सरकारची चाकरी करायला टपूनच बसलेलं. महाराज गेले, आता अमेरिका. निघणाऱ्याच्या बॅगेत बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा, भाकरवडी, गोडा मसाला आणि आत्याचे मोजे जायचे. चिवडा विमानतळावरच संपत असावा. मोज्यांचं काय होतं ते आम्हाला टोरांटोच्या चुलतभावाने पाठवलेल्या फोटोतून कळलं. नाताळात त्याने ते भिंतीवर टांगले होते आणि त्यांत चॉकलेटं भरली होती. आई पदर तोंडाला लावून हसली. आत्याने चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. "टाच बघ कशी बसलीय," ती म्हणाली.

आत्याचं दुसरं काम रुखवत. मराठी लग्नात मुलीने आपल्या हाताने केलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या असतात आणि समोर कार्ड लावायचं असतं, 'चि. सौ. कां. अमुक हिने केले'. आमच्या माहितीतल्या कुठल्याच मुलीने काही केलेलं नसायचं. नागरवाड्यापासून छाणीपर्यंतची निम्मी रुखवतं नलूआत्याच्या हातून गेलेली. मोत्यांचे हत्ती, क्रोशाची तोरणं, लोकरीची बदकं, सुपारीचं भटजी-यजमान जोडपं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे टेबलापाशी उभं राहून मुलीच्या कलेचं कौतुक करायचे. आत्याही त्यांच्यात उभी राहून करायची. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, त्यामुळे आईने जे केलं त्यात तिलाही गैर वाटलं नाही, हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवते.

माझ्यासाठी न्यू जर्सीचं स्थळ आलं. मुलगा मिलिंद, इंजिनिअर, आईवडील नागरवाड्यात. मुलींनी लग्नाबिग्नाला नकार दिल्याच्या गोष्टी हल्ली फार वाचायला मिळतात, तेव्हा स्पष्ट सांगते, मला ते स्थळ हवं होतं. अगदी जीव टाकून हवं होतं. मैत्रिणीच्या बहिणीने तिथल्या घराचे फोटो पाठवले होते, त्यात भांडी घासायचं यंत्र होतं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. माझ्या लेखी नवरा हा त्या सामानाबरोबर येणारा एक नग होता. तो बरा निघाला तर उत्तमच.

ते तिघं आले, मिलिंद, त्याचे वडील आणि आई मालतीबाई. वडील दोन्ही भेटींत मिळून एकदाच बोलले, ते चहात साखर कमी आहे म्हणून. पोह्यांवर आईने बारीक शेव, खोबरं आणि डाळिंबाचे दाणे असा थाट केला होता, आणि टीपॉयवर आत्याचे निवडक मोजे मांडले होते. वेणीचे, जाळीचे, दोन रंगांचे. आत्या खुर्चीत विणत बसली होती. "हे सगळं मेघनाच्या हातचं बरं का," आई म्हणाली. "परीक्षेच्या दिवसांतसुद्धा सुया सोडत नाही ती." मी जन्मात फक्त शाळेतली एक चौकोनी पट्टी विणली होती, आणि तीसुद्धा आत्याने उसवून लोकर परत घेतली होती. टिकटिक थांबली. बाबांनी छताकडे पाहिलं. छताला काही झालेलं नव्हतं.

"आमच्या शुभदाचंही असंच," मालतीबाई म्हणाल्या. शुभदा म्हणजे मिलिंदची बहीण. "तिच्या रुखवतातली एकूण एक वस्तू तिने स्वतः केलेली. तो मोत्यांचा हत्ती तर लोक बघतच राहिले." तो हत्ती आमच्या जेवणाच्या टेबलावर जन्मला होता. त्याच्या सोंडेचं काम चालू असताना आम्ही कित्येक दिवस जमिनीवर बसून जेवलो होतो. तो करायला सांगून गेलेल्या मालतीबाईच होत्या आणि न्यायलाही त्याच आल्या होत्या. पण रुखवताचा नियमच तसा, म्हणून आत्याने मान डोलावली. "छान होता हत्ती," ती म्हणाली.

मग मालतीबाईंनी फर्मावलं, की मिलिंद आठवड्याने परत चाललाय, तर मुलीने त्याच्यासाठी एक जोड विणावी, जाण्याआधी आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि तेव्हाच काय ते सांगू. आई फुलून आली. आत्या उठली आणि पेपर घेऊन आली. "पाय दे," ती मिलिंदला म्हणाली. तो गोंधळला. "अहो आत्या, राहू द्या ने, माझा नंबर सांगतो." "नंबर बुटाला असतो. मोजे काढ." त्याने बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं आणि अंगठा सबंध बाहेर आला होता. मालतीबाईंनी पोह्यांतले डाळिंबाचे दाणे वेचायला घेतले. मला हसू आलं, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं तर तोही हसत होता. नग बरा निघण्याची लक्षणं होती.

ते गेल्यावर आईने माळ्यावरची निळी लोकर काढून आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्याने ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "मेघना विणेल."

"वन्सं, अहो तिला टाके घालता येत नाहीत!"

"शिकेल."

"आणि एवढी रुखवतं केलीत ती? तेव्हा कुठे कोणी काय म्हणालं?"

"ती शोभेची होती, सुमन. हत्ती काय कोणी वापरतं? मोजा पायात जातो. पायात घालायची वस्तू मी खोट्या नावाने देणार नाही." एवढं बोलून तिने स्वतःचा मोजा विणायला घेतला. आईने दुसऱ्या दिवशी श्रीखंड केलं, तिसऱ्या दिवशी पुरणपोळी, मग सेव-उसळ बाहेरून मागवली, जी आमच्याकडे फक्त वाढदिवसाला यायची. आत्याने सगळं पोटभर खाल्लं आणि तसूभर हलली नाही.

म्हणून मी विणायला बसले. अमेरिका सायकलच्या पाच आऱ्यांवर लटकत होती. चार सुयांवर टाके आणि पाचवीने विणायचं, आणि एकीकडे लक्ष द्यावं तर दुसरीकडची सुई सुळकन निघून फरशीवर वाजायची. हाताला घाम यायचा, निळा रंग बोटांना लागायचा. आत्याची शिकवण्याची पद्धत अशी, की चूक होत असताना बोलायचं नाही. चूक पुरती होऊ द्यायची, मग ती पाहायची, मग माझ्याच हाताने उसवायला लावायची. बोलणी तर विचारूच नका. "हा टाका आहे की फास? कोणाला लटकवायचंय?" मी रडले, सुया फेकल्या, आईने सुया वेचून पुन्हा माझ्या हातात दिल्या. आणि मग एका दुपारी, पंखा बंद, रस्त्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी घंटा वाजवत चाललेली, माझ्या हातात टाच वळली. मी काही केलं नाही असंच वाटलं. टाके मिटत गेले आणि कापडाला खळगा पडला. मला इतका आनंद झाला की मी तो अर्धवट मोजा सुयांसकट घेऊन जशुबेनना दाखवायला गेले. त्या आनंदात न्यू जर्सी कुठेच नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही.

ते येणार होते त्याच सकाळी दुसरा मोजा संपला. आत्याने दोन्ही शेजारी ठेवले, हाताने सपाट केले, आणि आता बोलायला हरकत नाही अशा सुरात म्हणाली, "दोन्ही डावे आहेत." खरंच होते. दोन्हींचा अंगठा एकाच बाजूला. दुसरा मोजा विणताना मी मापाच्या कागदाऐवजी पहिला मोजाच समोर ठेवला होता. आई म्हणाली, "अहो, बाजारातल्या मोज्यांना कुठे डावं-उजवं असतं? कोणाला कळणार आहे!" आई बरोबरच होती. सबंध बडोद्यात ती चूक फक्त आमच्याच घरात चूक ठरत होती. मला मात्र ती दिसायला लागली होती आणि दिसायची थांबेना. टाचेच्या कडेला दोन भोकं होती, पट्टी एका मोज्याची घट्ट आणि दुसऱ्याची ढगळ, आणि तरी ते मोजे होते. माझे होते.

संध्याकाळी मालतीबाईंनी ते हातात घेतले, ताणले, भोकात बोट घातलं. त्या दिवशी दाखवलेले मोजेही तिथेच होते, तेही उचलून शेजारी धरले. "सुमनताई," त्या म्हणाल्या, "हा हात त्या हातासारखा नाही वाटत."

आईचा चेहरा क्षणभर पांढरा पडला आणि मग तिला सुचलं. "नाहीच आहे," ती म्हणाली. "मेघनाला जरा बरं नव्हतं ने, म्हणून हे आमच्या वन्संनी पुरे केले. वय झालं त्यांचं. दिसत नाही आता पहिल्यासारखं."

टिकटिक थांबली. आत्या आईकडे बघत राहिली. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईला काय बोलता येतं आणि काय नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिचे चांगले मोजे माझे झाले होते, माझे भोकं पडलेले तिचे झाले होते, आणि ती गप्प होती. मला संताप आला. खरं सांगायचं तर आधी आला तो आत्यासाठी नाही. माझे मोजे गेले म्हणून आला. मी रडून, उसवून, बोलणी खाऊन विणलेले मोजे आईने एका वाक्यात देऊन टाकले होते.

"ते माझे आहेत!" मी ओरडले. "ही भोकं माझी आहेत. आणि दोन्ही डावे आहेत, उजवा विणायचा राहिलाय. ते दुसरे सगळे आत्याचे. मला फक्त हेच येतात."

मिलिंद हसायला लागला होता, पण मालतीबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला. त्या पर्स घेऊन उठल्या. "आमच्या घरात असलं खोटं चालत नाही," त्या म्हणाल्या.

"मालतीबाई," आत्या म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, वर्गातल्या ढ मुलीशी बोलायचा. "शुभदाच्या हत्तीची सोंड कशी आहे? ती मी घाईत बसवली होती. हलत असेल तर पाठवून द्या, नीट करून देते."

मालतीबाई दारापर्यंत गेल्या आणि "कळवतो" म्हणाल्या. बडोद्यात कळवतो म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं. मिलिंद चपला घालताना टीपॉयकडे पाहत होता, मोजे मागावेत की नाही असं. त्याने मागितले नाहीत. तेवढ्यावरून तो नवरा म्हणून कसा निघाला असता ते मी आता ओळखते, तेव्हा मात्र मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून खूप रडले. ते भांडी घासायचं यंत्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आज माझ्याकडे तसलं यंत्र आहे. त्यात कढई बसत नाही.

बाहेर आले तर आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती आणि आत्याच्या हातात माझे दोन्ही मोजे होते. ती शाबास म्हणेल, निदान पाठीवर हात फिरवेल असं मला वाटलं. "आता उजवे विण," ती म्हणाली.

"कोणासाठी? पाय चालला अमेरिकेला."

"डावे दोन आहेत. उजवे दोन विण. दोन जोड होतील."

मी विणले. पुढे माझं लग्न बडोद्यातच झालं, बिनभोकाचे मोजे घालणाऱ्या एका माणसाशी. आईने रुखवतासाठी मोठं टेबल मांडलं आणि आत्याने ते भरून टाकलं, हत्ती, तोरणं, बदकं, सगळं. मधोमध ते निळे दोन जोड. कार्ड लिहायची वेळ आली तेव्हा आईने पेन माझ्या हातात दिलं, कदाचित मुद्दाम, मी कधी विचारलं नाही. मी लिहिलं, 'मोजे मेघनाने विणले. बाकी सगळं नलूआत्याने केलं.' वऱ्हाडातल्या बायका वाचून एकमेकींकडे बघत होत्या. ज्यांची रुखवतं तिने केली होती त्या पेढा तोंडात घालून पुढे सरकत होत्या. आत्या नवं नारायणपेठ नेसून टेबलाशेजारी उभी होती. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली, बाबा तिला दोनदा बोलवायला गेले, पण ती हलेना. येणारा प्रत्येक माणूस ते कार्ड वाचतोय की नाही ते बघत ती तिथेच उभी राहिली. मुहूर्ताच्या अक्षता तिच्या मुठीत तशाच राहिल्या. माझ्यावर टाकायला ती आलीच नाही.